वल्ह्याचा तुकडा

पास्कलच्या बायकोचा, फिलूवहिनींचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या टाकीपाशी प्लंबरशी हुज्जत घालत होतो. सकाळचे साडेसात. "भावजी, वर या. पास्कल उठत न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज इतका सपाट होता की लिफ्टची वाट न बघता मी चार मजले चढलो. पास्कल कुशीवर झोपला होता, उजवा कान उशीवर टेकलेला. चेहरा शांत. गेल्या सात महिन्यांत मी त्याला इतकं शांत पाहिलं नव्हतं, आणि त्या शांतपणाचं कारण फक्त मलाच ठाऊक होतं. आज पाच आठवडे झाले, घास गिळवत नाही.

पास्कल मूळ उत्तनचा. बापाची मासेमारीची होडी होती. समुद्रात वल्हं उभं धरायचं, वरच्या टोकाला कान लावायचा आणि खाली घोळ मासळी कुठे ओरडतेय ते सांगायचं, यात बापाचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे. ते वल्हं मोडलं तेव्हा त्याचा हातभर तुकडा पास्कलनं ठेवून घेतला. पुढे तो इंजिनिअर झाला, सरकारी कारखान्यात हेलिकॉप्टरवर काम करायला गेला, तरी तो तुकडा बॅगेत असायचाच. एक टोक चालत्या यंत्राच्या अंगावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. बाजूला लाखोंची मशिनं आकडे दाखवत असायची आणि हा डोळे मिटून लाकूड ऐकत बसायचा. निवृत्त होऊन शांती नगरात आमच्या बिल्डिंगमध्ये आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं आमच्या पंपाला तो तुकडा लावला आणि म्हणाला, "सेक्रेटरी, बेअरिंग गेलाय. चार दिवस." मी हसलो. पाचव्या दिवशी अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन टँकरखाली उभी होती, आणि सगळ्यांत पुढे मी.

तेव्हापासून आमचं जमलं. मी तिरसट, तो घुम्या. संध्याकाळी त्याच्या गॅलरीत चहा व्हायचा. वरून हेलिकॉप्टर गेलं की तो अर्ध्या वाक्यात थांबायचा, मांडीवर बोटं आपटत मोजायचा, आवाज पार विरला की मग उरलेलं वाक्य पूर्ण करायचा. मी चेष्टा करायचो, "काय रे, तुझ्या सासरचं विमान होतं का?" तो हसायचा नाही. फिलूवहिनीही हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहायच्या... हे काहीतरी वेगळं आहे हे मला कळायला तीन वर्षं लागली.

कळलं ते एका नोटिशीमुळे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची नोटीस मी बोर्डावर लावली होती, खाली नेहमीचं वाक्य: सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास सर्वांची संमती धरण्यात येईल. सगळ्या सोसायट्या असंच लिहितात. पास्कलनं ती टराटरा फाडली. वॉचमनसमोर मी भडकलो, तर हा गडी कपटे मुठीत घेऊन उभा. "गप्प बसलेल्याचं हो धरायचं न्हाय," म्हणाला. "माणूस मयतीला गेलेला असतो रे." मग त्या गॅलरीत त्यानं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहू शकत नाही. यंत्राचं नाव आणि देशांची नावं लिहिणार नाही, तसा त्याला शब्द दिलाय.

तीन देश मिळून एक लढाऊ हेलिकॉप्टर बनवत होते. शेपटीच्या पंख्याकडे ताकद नेणारा लांब दांडा आपल्या वाट्याला, तो ज्या गिअरपेटीला जोडायचा ती दुसऱ्याकडे, बंदुका आणि त्यांची यंत्रणा तिसऱ्याकडे. ज्यानं त्यानं आपला भाग आपल्या घरी तपासला, सगळे पास. एकत्र जोडून जमिनीवर चालवलं तेव्हाही आकडे मर्यादेत. पण पास्कलनं लाकूड लावलं आणि त्याला जोडापाशी टकटक ऐकू आली. सारखी नाही. मधूनच, दार वाजवून कोणी पळून जावं तशी. आमचा दांडा चांगला, त्यांची पेटी चांगली, मग दोघांमधला जोड कोणाचा? त्याचं उत्तर द्यायला कोणीच बांधील नव्हतं. परदेशी पाहुण्यांनी त्या लाकडाचे फोटो काढले, पाठ थोपटली, चहा मागवला.

त्यांच्या संयुक्त समितीचा नियम आमच्या नोटिशीसारखाच होता. कागद तिन्ही देशांना जायचा, पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंजूर. जोडाचा कागद आपल्या बाजूच्या हरकतीसाठी पास्कलच्या टेबलावर आला त्याच दिवशी उत्तनहून आई गेल्याचा फोन आला. दफन, चर्चमधला सातव्या दिवसाचा मिस्सा, भावंडांच्या वाटण्या... परतला तो सोळाव्या दिवशी. त्याच्या गप्प बसण्याचा देशाचा होकार झाला होता. साहेब म्हणाले, "एका कानासाठी तीन देशांचं वेळापत्रक पुन्हा उघडायचं काय?" पास्कलनं एक पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. "दुसरं लिहिलं न्हाय," तो म्हणाला. "मुलांची शिक्षणं होती, पेन्शन होती. पहिल्या वेळेस मी मयतीला होतो. दुसऱ्या वेळेस टेबलावरच होतो." वरून जाणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरमध्ये तो तीच टकटक शोधत मोजायचा, हे मला तेव्हा कळलं.

आता माझं सांगतो. माझी तनया सैन्यात पायलट आहे. पास्कल जायच्या सात महिने आधी ती पेढे घेऊन घरी आली, नवीन तुकडीत निवड झाली म्हणून. पास्कलनं पेढा उचलला, विचारलं, "कुठलं मशीन, बाय?" तिनं नाव सांगितलं. त्यानं पेढा पुन्हा बॉक्समध्ये ठेवला आणि हात पुसत राहिला. ती गेल्यावर मला म्हणाला, "तिला सांग. मी बोललो तर म्हातारा अंकल बडबडतोय वाटेल. बापानं सांगितलं तर पोर वरच्यांना लिहून देईल."

मी चिडलो. सहा वर्षं पोरीनं जिवाचं रान केलं होतं आणि हा मला बारा वर्षांपूर्वीची टकटक ऐकवत होता. ती घाबरली तर? लिहून दिलं आणि उडणं बंद करून तिलाच खाली बसवलं तर? सांगतो म्हणालो, आणि सांगितलं नाही. तो दर आठवड्याला विचारायचा. मी आज रेंज नव्हती, उद्या बोलतो, ती कामात आहे, असं करत टाळत गेलो. शेवटी त्या संध्याकाळी गॅलरीत त्यानं माझं मनगट धरलं. "सांगितलंस?" मी म्हणालो, "हो रे बाबा, सांगितलं. लिहून दिलंय तिनं." त्यानं एवढा मोठा श्वास सोडला... "देव बरं करो," म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी दुसरा कप चहा मागितला. सकाळी तो उठला नाही. माझ्या थापेवर विसंबून माझा मित्र निवांत झोपला, हे ओझं घेऊन मी त्याच्या शवपेटीला खांदा दिला.

महिन्याच्या मिस्साला तनया दोन दिवसांची रजा काढून आली. चर्चमधून परतल्यावर, फिलूवहिनींच्या समोरच, मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं हसेल, नाहीतर रागावेल. तिनं फक्त विचारलं, "एका जागी तरंगताना, डावीकडून?" मी वहिनींकडे बघितलं, तोवर तीच म्हणाली, "आवाज आम्हाला सगळ्यांना येतो, बाबा. सीनिअर म्हणतात, तिन्ही देशांनी पास केलंय, तुम्ही कोण? आधी कोण लिहून देणार, म्हणून सगळे थांबलेत." वहिनी उठल्या, भिंतीवरच्या खिळ्यावरून तो तुकडा काढला. वरचं टोक कानाच्या तेलानं काळं झालेलं. त्यांनी तो तनयाच्या बॅगेत सरकवला.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "लिहून दिलं. अंकलचं नाव पण टाकलं." मी विचारलं, आता उडणं बंद ना? ती म्हणाली, "उत्तर येईपर्यंत ड्युटी चालूच असते, बाबा." हा लेख मी तिला वाचून दाखवला. छापा, म्हणाली. मी कोणी मोठा माणूस नाही, एका बिल्डिंगचा सेक्रेटरी आहे. बोर्डावरच्या नोटिशीतलं ते वाक्य मी कायमचं काढून टाकलंय, आणि या लेखाला कोणी एका बापाची लेखी हरकत समजणार असेल तर खुशाल समजावं.

उत्तर अजून आलेलं नाही. संध्याकाळचा चहा मी वहिनींकडेच घेतो, त्यांना एकटं वाटू नये म्हणून असं सांगतो, पण खरं तर मलाच घरात बसवत नाही. भिंतीवर तो खिळा आहे आणि खाली हातभर लांबीचा, बाकी रंगापेक्षा उजळ पट्टा. काल वरून हेलिकॉप्टर गेलं. वहिनींनी गॅस बंद केला. मी वाक्य अर्धं सोडलं आणि बघतो तर माझीच बोटं मांडीवर मोजत होती. आवाज गेला. वहिनी म्हणाल्या, "गेला, भावजी." तरी माझी बोटं थांबेनात.