भाऊजींनी एसी तपासला

गोंदिया जिल्ह्यात खटका असलेली जी जी म्हणून वस्तू आहे, ती आमच्या साडूंनी एकदा तरी उघडून पाहिलेली आहे, असं म्हटलं तर तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल. वाटू द्या. कुडव्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणाचाही मिक्सर उघडा, आत एखादा स्क्रू कमीच निघेल, आणि तो कुठे गेला हे विचारायचीही गरज नाही; साडूंच्या शर्टाच्या खिशात हात घातला की दहा-बारा सापडतात. हे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, आणि बायको म्हणते तेच म्हणायची मला सवय लागल्यामुळे मीही भाऊजीच म्हणतो. त्यांनी सारी उमर बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवलं आणि निवृत्त होताना तिथून एकच ज्ञान घरी आणलं; पण ते असं पक्कं, की साक्षात ब्रह्मदेव समजावायला आला तरी त्यालाच दोन गोष्टी ऐकाव्या लागतील. ते ज्ञान असं: "थंड नावाची चीजच दुनियेत नाही, साडूभाऊ. गरमच असते. ते बाहेर काढाचं. मंग जे उरते, त्याले लोक थंड म्हणतात."

या एका वाक्यावर त्यांचा संसार चालतो. त्यांच्या घरचा फ्रिज भिंतीपासून चार हात पुढे, स्वयंपाकघराच्या ऐन मध्यावर उभा आहे, कारण 'त्याची पाठ मोकळी पायजे'. ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, गेली कित्येक वर्षं त्याला प्रदक्षिणा घालून शेगडीपर्यंत पोचतात. सौंदडला एका लग्नात तर भाऊजींनी कमालच केली. भर उन्हाळ्यातलं लग्न, मांडवात आठ कूलर लावलेले. वऱ्हाड दारात यायच्या आत यांनी त्यांतले चार फिरवून तोंडं बाहेर केली. नवरीचा मामा धावत आला, "काऊन जी, पाहुणे आत आहेत का बाहेर?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "गरम निघाल्याबिगर तुझी थंडी बसन कुठं?" केवढी बोंबाबोंब झाली! आणि खरं सांगायचं तर दहा मिनिटांनी मांडवात बरं वाटायला लागलं होतं, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या लग्नात त्यांनी नवरदेवालाही तोंड फिरवून बसवलं असतं. माणसांची तपासणीही ते त्याच भरवशानं करतात. माझी पाठ दुखली तेव्हा त्यांनी दोन बोटांनी ठोकून पाहिलं, "खुर्ची बदला" म्हणून निकाल दिला आणि माझ्याच कचेरीत येऊन माझी खुर्ची उघडली.

यंदा मे महिन्यात ताईंच्या हृदयाचं ऑपरेशन नागपूरला झालं. ते नीट पार पडलं, सुट्टीचा दिवस ठरला, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की उन्हाची झळ यांना लागता कामा नये. नागपूर ते कुडवा, चार तासांचा रस्ता, तोही दुपारचा, आणि आमच्या घराण्यात चारचाकी एकच, माझी. नेमका तिचा एसी गरम वारा फेकू लागला! दोन दिवस हातात होते. मी आपला सरळ म्हणालो, "दुसरी गाडी भाड्यानं सांगू." भाऊजी ताईंजवळ मुलीला ठेवून घर तयार करायला कुडव्याला आले होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जसं काही मी दुसरी ताईच भाड्यानं आणायला निघालोय. "परक्याच्या गाडीवर तिले सोपवू का मी? काढा तुमची गाडी बाहेर."

आधी मी हट्टानं गाडी बाजारातल्या मिस्त्रीकडे नेली. भाऊजी सोबत होतेच. मिस्त्रीनं बॉनेट अर्धंच उघडलं आणि म्हणाला, "गॅस कम है, भरवा लो." भाऊजींचा पारा चढला. "कम है तो गया किधर? घूमने गया क्या?" मिस्त्री म्हणाला, "चाचा, पुरानी गाडी है, उड जाता है." "बंद पाइप में से उडता है? तो छेद दिखाओ. छेद नहीं, तो गॅस नहीं गया!" पाच मिनिटांत मिस्त्रीनं हात जोडले आणि आम्ही परत कुडव्याला.

मग दारातल्या कडुनिंबाखाली खरी तपासणी सुरू झाली. भाऊजी आधी गाडीला हात लावत नाहीत. आधी मालकाला फैलावर घेतात. वारा येतो का? जोरात येतो. गाडी पळताना थंड? थोडा. उभी राहिली की? गरम. इंजिनाचा काटा चढतो का? हल्ली चढतो. "हं," ते म्हणाले, आणि बॉनेटवर कान ठेवला. मला एसीचा खटका दाबायला लावला. आत टक् झालं. "कॉम्प्रेसर चालू आहे." मग जाड पाइपावर हात फिरवला. "याले घाम आला पायजे. नाही आला. म्हंजे गरम आतच घुटमळून राहिलं. निघाची वाटच बंद आहे कुठंतरी." आणि खिशातून पेचकस काढून त्यांनी गाडीच्या तोंडावरची झाकणपट्टी उतरवली.

आत, रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी असते. एसीची सारी गरमी त्या जाळीतून बाहेर जाते. त्या जाळीपुढे बारदान्याचा एक तुकडा शिवलेला होता, आणि त्यात धानाचा कोंडा असा गच्च बसला होता की सुई जाणार नाही. "पाहा!" भाऊजी गरजले. "कोण बैताड होता तो? कोणं लावलं हे इथं? गाडीच्या नाकावर पोतं! अक्कल गहाण ठेवली होती का त्यानं?"

मला सगळं आठवलं. मी राइस मिलच्या कचेरीत काम करतो. आवारात कोंडा उडतच असतो. मागच्या हंगामात भाऊजी एकदा मिलवर आले होते. "हा भुसा आत जाऊन राहिला न, साडूभाऊ," म्हणत त्यांनी तिथलाच बारदाना फाडून, हिरव्या नायलॉनच्या दोरीनं, स्वतःच्या हातानं ही शिलाई मारली होती.  आता दोरी कापायला ते वाकले, आणि त्यांना ती गाठ दिसली. कारखान्यात बर्फाचे डबे बांधायची त्यांची दुहेरी गाठ.

मी हसणार होतो. देवाशपथ, तोंडापर्यंत आलं होतं. पण भाऊजी ओट्यावर बसले आणि पेचकस बाजूला ठेवून म्हणाले, "तिच्या वेळीही मी असंच केलं."

"कुणाच्या?"

"हिच्या. साऱ्या हिवाळाभर ती म्हणून राहिली, जिना चढला का छाती भरते. मी म्हटलं, पित्त आहे. रोज आवळे चारले तिले. पोरगी डॉक्टरकडे न्याले आली, तर तिले म्हटलं, तू कायले येतं? मले समजते." मग म्हणाले, "डॉक्टर म्हणे, अजून महिना गेला असता तर आणू नका म्हटलं असतं."

मला त्यांचा राग आला. आणि इतकी दया आली, की तो राग कुठे ठेवावा ते कळेना. त्यांच्या पाठीवर हात ठेवायचं धाडस माझं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी ठेवला. मग त्यांनी बारदाना फेकून दिला, नळाला पाइप लावला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशानं ती जाळी एकेक पातं करून धुतली. संध्याकाळी एसी सुरू केला. जाड पाइपावर पाण्याचे थेंब उभे राहिले. एरवी त्यांनी सारी गल्ली गोळा केली असती. यावेळी फक्त पाइप पुसला, आणि थेंब पुन्हा येतात का ते पाहत उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी नागपूरहून निघालो. मी पुढे, ताई आणि भाऊजी मागे, मुलगी सामान घेऊन रेल्वेनं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत असा गारवा, की ताईंनी शाल ओढून घेतली. भंडारा मागे पडलं, तेव्हा भाऊजींनी विचारलं, "कसं वाटते तुले?"

ताई हसल्या. "तुम्हीच सांगा न जी. तुम्हाले सारं समजते."

"नाही समजत," भाऊजी म्हणाले. "तू सांग."

ताईंनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लसूण सोलत बसत होती न, ते लसणासाठी नव्हतं जी. पुढची पायरी चढवत नव्हती." आणि मग त्या सांगत गेल्या. कुठे दुखायचं, कुणाला कळू नये म्हणून काय काय करायच्या, ऑपरेशनला आत नेलं तेव्हा किती भीती वाटली. भाऊजींनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. कुडव्याला पोचलो तरी ताईंचं सांगून व्हायचं होतं. घरातली माणसं दारात आली, मी हातानंच त्यांना थांबवलं. गाडी तशीच चालू ठेवली. मागून भाऊजींचा आवाज आला, फार हळू, "मंग? पुढं सांग."