दुसऱ्या नळीचा आवाज

सकाळी शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत वहिनीचा फोन आला. "बाई, तुझा भाऊ गेला वो..." मी हॉलमध्ये उभी होते. समोर पाच फुटांची फिशटँक चालू होती, वरून खाली पाणी पडत होतं, तरी घरात एवढी शांतता होती की शेजारच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. ही शांतता भाऊनेच करून दिलेली. त्याला जाऊन पाच आठवडे झाले, आता मला तिची भीती वाटते.

भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याची सगळी नोकरी बोदलकसा तलावावर चौकीदारीत गेली. पावसाळ्यात सांडव्याचा आवाज ऐकून किती पाणी जातंय ते तो जेवता जेवता सांगायचा. निवृत्त झाल्यावर तो तिरोड्याला राहायला आला. इकडे गोंदियात आमचे हे निवृत्त झाले आणि त्यांनी मासे पाळायला घेतले. मासे सात आणि नळ्यांचं जंजाळ एवढं! टाकीच्या कोपऱ्यातून जास्तीचं पाणी नळीने खालच्या कपाटातल्या टाकीत पडायचं, तिथे गाळलं जायचं आणि मोटर ते परत वर चढवायची. ती नळी दिवसभर गुरगुरायची. बशीतला चहा कुणी भुरके मारत पीत बसावं, आणि चहा कधी संपूच नये, तसं! ह्यांना त्याचं काही नाही, वैताग माझाच. शेवटी भाऊला बोलावलं.

भाऊने कपाटाला कान लावला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "पानी नाही वाजून राहिलं, बाई. नळीत हवा घुसून राहिली, ते वाजते." त्याने नळीला खाली एक वॉल्व बसवला. तो जरासा आवळायचा, थांबायचं, कोपऱ्यातलं पाणी किती चढलं ते पाहायचं, पुन्हा जरासा आवळायचा. नळी पाण्याने गच्च भरली, हवेला जागाच उरली नाही आणि गुरगुर थांबली. मी टाळ्या वाजवल्या. पण भाऊचं काम संपलं नव्हतं. त्याने शेजारी दुसरी नळी लावली, तोंड पहिलीपेक्षा थोडं वर. ती कोरडीच राहणार होती. पहिली तुंबली तरच पाणी चढून तिच्यात पडणार. मला दाखवायला त्याने पहिलीच्या तोंडावर तळहात दाबला. पाणी चढलं आणि दुसरी नळी अशी घोंघावली की मी मागे सरकले.

"भेव लागला? लागूच दे," भाऊ म्हणाला. "हे नळी आवाज करालेच ठेवली. वाजली का पयले मोटर बंद कर, मंग मले फोन कर."

वर्षभर ती वाजली नाही. मग एका रविवारी मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते, आणि नेमकी ते यायच्या अर्धा तास आधी ती घोंघावायला लागली. पहिलीत टाकीतली गोगलगाय अडकली होती, हे नंतर कळलं. मोटर बंद केली तर टाकी कशी दिसेल, पाहुणे काय म्हणतील... मी ओट्यावरचं फडकं घेतलं आणि दुसऱ्या नळीच्या तोंडात कोंबलं. आवाज थांबला. पाणी कडेला वर चढत होतं, पण मी पोह्यांकडे वळले होते. पाहुणे आले, गेले, मुलगी पसंत पडली. फडकं विसरलेच. त्यातून थोडं थोडं पाणी झिरपत राहिलं, म्हणून रात्र निभावली. सकाळी घाईत टाकीकडे पाहिलंही नाही.

सोमवारी दुपारी शाळेतून आले तर दारातच पाय ओला झाला. टाकीच्या काठावरून पाणी सांडत होतं. फरशीवर विजेचा बोर्ड होता, पाणी त्याच्या वीतभर अलीकडे आलेलं. हे दिवाणावर झोपलेले, एक पाय खाली लोंबत होता. "पाय खाली ठेवू नका!" मी किंचाळले आणि मेन स्विच पाडला.

मी फोन केला, दुसऱ्या दिवशी भाऊ बसने आला. आमचं घर दुसऱ्या माळ्यावर. जिन्यातून त्याने आवाज दिला म्हणून मी खाली डोकावले, तर तो मधेच पायरीवर बसलेला, हात छातीवर, कपाळाला घाम. "काय झालं रे?" "काई नाही, गॅस झाली." वर येऊन त्याने नळीतून फडकं ओढलं. रागावला नाही. ते ओलं फडकं हातात धरून एवढंच म्हणाला, "आवाज दाबला, पानी तं नाही ना दाबलं."

मी मान खाली घातली आणि त्याला ओवा दिला. गॅस म्हणाला ना, मग गॅसच. मलाही तेच ऐकायचं होतं. तोच धडा तो मला हातात फडकं घेऊन शिकवत होता, आणि त्याच तासाला मी त्याच्या छातीचा आवाज ओव्याने बंद केला. संध्याकाळी त्याला बसमध्ये बसवून दिलं. ती शेवटची भेट. तीन आठवड्यांनी तो गेला. डॉक्टर हृदयाचं म्हणाले.

भाऊ गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्याचं घर माणसांनी भरलेलं. वहिनीने मला भाऊच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "मलेबी आजकाल चढताना दम लागते, बाई. छातीत दुखते. सुमेधले नोको सांगू. पोरावर आत्ताच एवढं झालं." सुमेध तिचा मुलगा. तिने माझा हात घट्ट धरला होता. मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते.

मग मी दार उघडलं आणि जोरात हाक मारली, "सुमेध! इकडे ये, आईच्या छातीत दुखतंय!" सगळी माणसं वळून पाहायला लागली. भीतीने माझा आवाज चिरकला, मी तो तसाच जाऊ दिला. त्याच दुपारी सुमेधने तिला दवाखान्यात नेलं.

वहिनीला आता गोळ्या चालू आहेत. चार माणसांत तमाशा केला म्हणून ती माझ्यावर चिडलेली आहे आणि रोज फोन करून मला बोल लावते. मी फोन कानाला घट्ट लावून, बोलता बोलता तिला दम लागतोय का, ते ऐकत बसते.