कंपनीच्या वतीने निरंजन

निरंजन चिटणीस स्वतःला 'आम्ही' म्हणायचा. कँटीनमधले पोहे संपले की गंभीर चेहऱ्याने येऊन सांगायचा, "काका, आम्हाला कळवण्यास अत्यंत खेद होतो." देवासच्या आमच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्याची फेसबुक-इन्स्टाग्रामवरची पानं सांभाळणं ही त्याची नोकरी. दिवसभर कंपनीच्या तोंडून बोलून ती सवय जिभेला लागली होती. धारच्या त्याच्या घराण्यात पूर्वी दरबाराचे खलिते लिहीत. हा मराठी वाचताना अडखळायचा. "खलिता जाऊन कॅप्शन आलं," म्हणे, "मुजरा तोच आहे."

मी खरेदी विभागात, त्याच्या समोरच्या टेबलावर. आमच्या डायरेक्टरसाहेबांना प्रसिद्धीची हौस दांडगी. झाड लावताना त्यांचा फोटो निघे, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा निघे. अशा सोहळ्यांना निरंजन भारदस्त हिंदी ओळी पुरवायचा. पण खालच्या कॉमेंट वाचणारा सबंध कंपनीत तो एकटाच. "काका, वरचं आम्ही लिहितो, ते सोडा. खालचं वाचा."

सोयाबीनमधून तेल काढायला पेट्रोलसारखा झटकन पेट घेणारा द्रव वापरतात. त्या हिवाळ्यात त्याचा वास प्लांटमधून आवारात आला, मग कँटीनपर्यंत. पाइपांचे जोड बदलण्याची मागणी मी वर पाठवली. 'पुढे प्लांट बंद ठेवू तेव्हा' असा शेरा घेऊन ती परत आली. सुरक्षा सप्ताह मात्र थाटात झाला. साहेबांनी हेल्मेट घालून भाषण केलं; हेल्मेटवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती. त्या व्हिडिओखाली सोनकच्छहून एका कामगाराच्या बायकोने लिहिलं, "इनके कपड़ों से पेट्रोल की बास आती है. चूल्हे के पास बैठाने में डर लगता है. आप लोग वहाँ क्या कर रहे हो?"

'आपकी प्रतिक्रिया हमारे लिए अमूल्य है' हे निरंजनचं ठरलेलं उत्तर. ते इथे त्याच्याने टाकवेना. तो फोन घेऊन थेट साहेबांकडे गेला आणि उतरल्या चेहऱ्याने परत आला. कॉमेंट काढून टाक, असा हुकूम झाला होता. शिवाय एक शोकसंदेश तयार ठेवायचा होता, ऐन वेळी शब्द सुचत नाहीत म्हणून. नावांची जागा मोकळी सोडायची.

"म्हणजे त्यांना माहीत आहे, काका," तो एवढंच म्हणाला.

त्याने संदेश लिहिला, आणि चांगला लिहिला. पुढच्या सोमवारी, सकाळची पाळी आत असताना, तो कंपनीच्या पानावर झळकला: 'आज हमने अपने परिवार के साथी खो दिए.' पुढे मोकळी जागा.

ती जागा प्रत्येक घराने आपापल्या माणसाच्या नावाने भरली. फाटकावर बायका, म्हातारे, मोटरसायकलींवरून आलेले भाऊ जमले. आकांत ऐकून कामगार बाहेर आले, जिवंत असल्याचं दाखवायला. आणि बाहेर आल्यावर आत जाईनात. सुपरवायझर एकाला समजावत होता, चल भिया, गलती से छप गया. त्या कामगाराची बायको नवऱ्याची बाही धरून उभी होती.

"गलती से छपा है न?" ती म्हणाली. "तो पहले तुम जाओ अंदर."

सुपरवायझर गेला नाही.

प्लांट बंद ठेवावा लागला. तपासणी झाली. इन्स्पेक्टरने बोट दाखवलं तेवढेच जोड बदलले. निरंजनला त्या सोमवारीच संध्याकाळी काढून टाकलं होतं. चुकून बटण दाबलं गेलं, असं त्याने सांगितलं होतं. मी त्याला एकट्याला गाठून विचारलं, तर म्हणाला, "चूकच समजा, काका. आम्ही मुद्दाम खरं कधी छापलंय?" मग तो धारला परतला. एका शाळेच्या प्रवेशाच्या जाहिराती करतो, असं कानावर आलं.

आता आमचं पान इंदूरची एक एजन्सी चालवते. कॉमेंट बंद आहेत. परवा दुपारी कँटीनमध्ये चहा घेताना मला पुन्हा तो वास आला. शेजारच्यांना विचारलं, त्यांना येत नव्हता, किंवा अंगवळणी पडला होता. मी निरंजनला फोन लावला. वास पुन्हा येतोय, म्हणालो.

"काका, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"कँटीनमध्ये."

"आधी बाहेर या. मग बोलू."

फोन तसाच कानाशी धरून मी फाटकापाशी पोचलो. भोंगा झाला. दुसरी पाळी डबे हलवत, थट्टामस्करी करत आत येऊ लागली. मी सगळ्यांत पुढच्याचा दंड धरला.

"आज मत जा, भिया," म्हणालो.

तो थांबला. मागचे त्याला वळसा घालून आत गेले.