हशा पिकवणारी कबुली

आमच्या मीटिंगमधल्या गोष्टींची मला हल्ली शिसारी येते, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या गोष्टीची. दारू सुटलेल्यांनी दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी चालवलेला आमचा गट दर रविवारी सकाळी गोडदेवला एका शाळेच्या वर्गात भरतो. डॉक्टर नाही, साहेब नाही, सगळे एकाच माळेचे मणी. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचं, कागदी कपातला गोडमिट्ट चहा प्यायचा आणि पाळीपाळीने उठून आपण काय काय दिवे लावले ते सांगायचं. याला शेअरिंग म्हणतात.

या शेअरिंगने माझा जीव वाचवला, हे आधीच सांगतो, उगाच कृतघ्न ठरायला नको. पहिल्या दिवशी मी थरथरत उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि रडलो. कोणी नाक मुरडलं नाही. पण पाच वर्षं तेच तेच सांगितलं की माणूस बनेल होतो. कुठे थांबलं की लोक हसतात, कुठे आवाज खाली आणला की डोळे पुसतात, हे मला पाठ झालं. त्यात आमच्याकडे छुपी चढाओढ असते, कोण जास्त घाण गटारात लोळला याची. एक जण पुलाखाली झोपला होता म्हणतो, तर दुसरा लगेच स्मशानात झोपलेला निघतो. ऐकून किळस येते. आणि यात पहिला नंबर माझाच.

माझं हुकमाचं पान म्हणजे दप्तराची गोष्ट. बायको सकाळी सहाला ड्यूटीवर गेलेली, पाचवीतली मुलगी आंघोळीला, आणि मी उठल्या उठल्या पिऊन टाइट. संडास समजून कपाटाचं दार उघडलं आणि खालच्या खणातल्या तिच्या दप्तरावर मुतलो. मग फ्लशची साखळी समजून तिचा शाळेचा टाय ओढत राहिलो. इथे हमखास हशा. शेवट असा, की वरच्याची कृपा, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, दप्तर गच्चीवर वाळत घातलं. इथे टाळ्या.

उत्तनचा एक म्हातारा तांडेल, मासेमारी बोट चालवणारा, माझा स्पॉन्सर आहे, म्हणजे माझ्याआधी सुटलेला आणि मला सांभाळणारा. तो या गोष्टीला कधी हसला नाही. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "तुजी गोष्ट लय गोड झालीय. मना न्हाय आवडत." मला वाटलं, म्हातारा जळतोय.

न पिता एकेक वर्ष पूर्ण झालं की गटात वाढदिवस करतात आणि घरच्यांना बोलावतात. माझ्या पाचव्या वाढदिवसाला बायकोला ड्यूटी होती, म्हणून मुलगी एकटी आली. ती आता सोळाची आहे. माझ्याशी कामापुरतंच बोलते. ती यायला हो म्हणाली याचंच मला केवढं अप्रूप. तिने एकदा माझ्याकडे नीट बघावं, बस, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आणि मी तिच्यासमोर दप्तराची गोष्ट सांगितली. टाय ओढायची नक्कलसुद्धा केली. वर्ग खदखदला. जेसल पार्कचा एक दुकानदार "क्या बात है" म्हणत बाक बडवत होता. मुलगी खाली मान घालून बाकावरचा शाईचा डाग नखाने खरवडत होती. मग केक कापला आणि कोणीतरी डालड्याच्या वासाचं क्रीम माझ्या तोंडाला फासलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी तिला विचारलं, "कसं वाटलं?"

"सुट्टी नव्हती, पप्पा."

"कधी?"

"त्या दिवशी. तुम्ही झोपून गेलात. मी वह्या पुसल्या आणि तेच दप्तर घेऊन गेले. चाचणी होती."

गच्चीवर वाळणारं ते दप्तर मला स्पष्ट आठवत होतं. कुठल्याशा रविवारी गोष्टीला शेवट हवा म्हणून मीच ती सुट्टी देऊन टाकली असणार, आणि मग तीच खरी धरून बसलो. पिऊन घाण केली ती एकदा; शुद्धीत राहून पाच वर्षं करत होतो. तोंडात अजून ते तुपकट क्रीम होतं. कडेला जाऊन थुंकून आलो.

"कोणी काही बोललं?"

"बाईंनी मागच्या बाकावर एकटीला बसवलं. मी त्यांना सांगितलं, दप्तर उशाशी होतं, मीच झोपेत केलं."

मला तिच्याकडे बघवेना. रिक्षा आली. ती आत बसली आणि माझ्यासाठी सरकून जागा केली.

"हे तिथे सांगू नका," ती म्हणाली. "हसतील."