मागच्या झाकणावरचं नाव

गेल्या वर्षापासून रामलिंग कुणाबरोबरही बाजाराला जात नाही. शिरूर अनंतपाळच्या आजूबाजूच्या गावांना हे पचायला जड गेलं. तिथं कुणाच्या घरी फ्रीज यायचा असो की बैलजोडी, लग्नाचा बस्ता असो की बोअरची मोटर, रामलिंगला बरोबर घेतल्याशिवाय जीप हलत नसे. तो वस्तू उलटी करून बघायचा, नखानं रंग खरवडायचा, वास घ्यायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा. दुकानदार त्याला बघून हसून चहा मागवत आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारत. त्यानं निवडून दिलेली वस्तू खराब निघाली असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. हे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे चारचौघांना दिसतही होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त आपली निवड चुकली असं म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, आणि ती आली तेव्हा त्याची जीभ वळली नाही.

त्याला दुसरीही एक खोड होती. घरातून आहेरात जाणाऱ्या प्रत्येक भांड्यावर नाव घालायचं. आता नाव सगळेच घालतात. आपल्याकडं वाटीवरही मामाचं नाव असतं. पण रामलिंग ते काम दुकानदारावर सोपवत नसे. लातूरला गंजगोलाईत नाव घालणाऱ्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचा आणि मशीन टर्र टर्र करत असताना एकेक अक्षर तपासायचा. तुळजाबाई, त्याची बायको, म्हणायची की ह्यांचं चाललं तर लेकीच्या कपाळावरही नाव घालूनच तिला सासरी पाठवतील.

लेक म्हणजे सुकन्या. तिला स्थळ आलं विष्णुपुरीचं. मुलाचं नाव शिवम. वडील सटवाजी, घरचं बागायत, पण पोराचा जीव शेतात नव्हता. गोदावरीच्या काठी वाढलेलं पोर, चालायच्या आधी पोहायला शिकलं असं सटवाजी कौतुकानं सांगायचा. शिवमनं पाणबुड्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. बंधाऱ्यांचे दरवाजे, पुलाचे खांब, पाणीपुरवठ्याच्या विहिरी, जिथं पाण्याखाली काही बिघडलं असेल तिथं पाठीवर हवेचं नळकांडं बांधून हा उतरायचा. रामलिंगनं जावईही वस्तूसारखाच पारखला. हात खरखरीत, नजर सरळ, बोलणं कमी. पोरगा त्याला मनापासून आवडला.

टिळ्याच्या वेळी मुलीकडच्यांनी नवरदेवाला घड्याळ आणि अंगठी घालायची असते. अंगठी तुळजाबाईनं बघितली. घड्याळ रामलिंगकडं आलं, आणि त्यानं सरळ जावयालाच विचारलं की कसलं पाहिजे. शिवम लाजला, काहीही चालेल म्हणाला. फारच खोदल्यावर बोलला.

"मामा, पाण्यातबी चालंल आन् चारचौघांतबी घालता येईल असं एकच असलं तर लई बरं. खाली गढूळ पाण्यात हवा किती उरली त्याचा काटा दिसत न्हाई. मोठ्या काट्याचं, उजेड असलेलं घड्याळ डोळ्यांवरच्या काचेला लावलं की दिसतंय. वर कधी यायचं ते मला घड्याळच सांगतंय."

हे शेवटचं वाक्य रामलिंगच्या काळजावर कोरलं गेलं. आता ही साधी भेट राहिली नव्हती, लेकीचं कुंकू त्या घड्याळावर अवलंबून होतं. त्यानं मोबाइलवर बघून बघून पाणघड्याळांचा असा काही अभ्यास केला की गावातली पोरं पारावर त्याची फिरकी घेऊ लागली. ज्याला विहिरीत पोहताना कुणी बघितलं नव्हतं, तो माणूस किती खोल पाण्याचा दाब कोणतं घड्याळ सोसतं ते घडाघडा सांगायचा. शेवटी तो हैदराबादला गेला. मोठं काचेचं दुकान, आत गारवा, हातमोजे घातलेला विक्रेता. रामलिंगनं चावी फिरवून बघितली, ती स्क्रूसारखी आवळत होती. तबकडीभोवतीची मिनिटांच्या खुणांची कडी, जिची खूण पाण्यात उतरतानाच्या वेळेला लावायची, ती फिरवली, ती एकाच दिशेनं कटकट करत फिरत होती. खाली चुकून धक्का लागला तरी उरलेला वेळ कमीच दाखवील, जास्त नाही, हे त्याला फार पटलं. मग खांद्यावरची शाल डोक्यावरून घेऊन त्या अंधारात काटे किती उजळतात तेही बघितलं. दुकानातली माणसं हसली. त्यानं हसू दिलं.

घड्याळ स्विस होतं. त्या किमतीत घरचा गोठा जनावरांनी भरला असता. तुळजाबाई दोन दिवस धड बोलली नाही. पण घड्याळ खरोखरच देखणं होतं, जाड पोलादी, काळ्या तबकडीचं, सदऱ्याच्या बाहीखालीही शोभणारं. देताना विक्रेत्यानं एकच गोष्ट बजावली. मागचं झाकण बाहेर कुठंही उघडायचं नाही. उघडावंच लागलं तर इथं आणायचं, आतलं रबर बदलून पाण्याच्या दाबाखाली तपासून देऊ. रामलिंगला ते कळलं, आणि पटलंही.

तरीही त्यानं ते उघडलं. घरातली सगळ्यात भारी वस्तू नावाशिवाय जाणार, हे त्याला बघवेना. भांड्यावर नाव घालणाऱ्यानं घड्याळ हातात घेतलं तेव्हा रामलिंगच दचकला. मशीनच्या थरथरीनं आतली नाजूक चक्रं बिघडली तर? म्हणून तो काळजीनं, शहाणपणानं, आधी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडं गेला. त्यानं झाकण काढून दिलं, झाकणावर अक्षरं उमटली, त्यानं ते जुन्याच रबरावर परत आवळून दिलं. 'रामलिंग व तुळजाबाई यांजकडून सप्रेम भेट.' एकही वेलांटी चुकली नव्हती. रामलिंगनं घड्याळ घरी नेऊन पाण्याच्या घागरीत रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी काच कोरडी होती. झाली तपासणी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. घागरीतलं पाणी आणि बंधाऱ्याच्या तळाचं पाणी यांतला फरक त्यानंच पारावर पोरांना समजावून दिला होता.

टिळा झाला, लग्न झालं. शिवम घड्याळ काढायचाच नाही. बाजारात, लग्नाकार्यात, कामावर, सदा हातात. सासऱ्याला फोन केला की घड्याळ झकास चाललंय असं आठवणीनं सांगायचा.

थंडीत एकदा सुकन्याचा फोन आला. रामलिंग तेव्हा निलंग्याला एका सोयऱ्याच्या लेकीसाठी कपाट बघत होता. भोवती पाचसहा माणसं त्याच्या तोंडाकडं बघत उभी. सुकन्या म्हणाली की घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरली आहे, आणि पाण्यात न्यायचं की नाही ते अप्पांना विचार, असं ह्यांनी सांगितलंय.

रामलिंगचा हात कपाटाच्या दारावर तसाच राहिला. वाफ का धरली हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पाण्यात घालू नको, एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न आला असता की का, आणि भोवतीची माणसं ऐकत होती.

"थंडीनं धरतंय तसं," तो म्हणाला. "उन्हात ठेव जरा. जाईल."

उन्हात ठेवल्यावर वाफ गेली. सुकन्यानं तसं कळवलंही. हरभरा निघाला की घड्याळ हैदराबादला नेऊन आणू, असं रामलिंगनं मनाशी ठरवलं, आणि कपाट खरेदी करून दिलं. कपाट चांगलं निघालं.

हरभरा निघायच्या आधीच शिवम गेला. एका बंधाऱ्याच्या दरवाजात लाकडं अडकली होती, ती कापायला तो उतरला होता. पाण्याखाली किती वेळ झाला ते आकड्यांत दाखवणारं कंत्राटदाराचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. शिवमनं मनगट दाखवून सांगितलं की माझ्याकडं हे आहे. वर दोरी धरून बसलेल्या सोबत्याला वेळ फार झाल्यासारखा वाटला. त्यानं दोरी ओढून विचारलं. खालून झटका आला, ठीक आहे म्हणून. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तोच झटका आला. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा दोरी नुसती जड लागली. वर काढला तेव्हा नळकांड्यात हवा नव्हती.

गोदावरीकाठी दहावा झाला. लोक आले, बसले, बोलले. बोलणं सगळं एकाच बाजूला झुकत होतं. पोरानं अतिआत्मविश्वास केला. एवढं भारी घड्याळ हातात असून बघितलं नाही. कंत्राटदाराचा माणूसही तेच म्हणत होता, आणि सटवाजीसुद्धा, स्वतःचा बाप, रामलिंगचा हात धरून म्हणाला की पाहुणे, तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नव्हतं, आमचंच पोर बेफिकीर निघालं. रामलिंगनं मान खाली घातली. बघणाऱ्यांना तो दुःखानं मोडलेला बाप दिसला, आणि तो मोडलेला होताच. पण तोंड उघडलं नाही त्यानं.

तेराव्यानंतर सटवाजीच्या घरात पांगापांग झाली तेव्हा सुकन्या आतून घड्याळ घेऊन आली. पोलिसांनी शिवमचं सामान परत दिलं होतं, त्यातलं. काचेच्या आत पाण्याचे थेंब होते. काटे कडीवरच्या खुणेच्या थोडेच पुढं, म्हणजे शिवम पाण्यात उतरल्यानंतर थोड्याच वेळात, थांबलेले. सटवाजी ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता.

"अप्पा, हे दुरुस्त करून आणा," सुकन्या म्हणाली. "आता समदे म्हणून राहिले की ह्यांनी घड्याळ बघितलंच न्हाई. मला काही पटंना. रोज कडी फिरवून मगच पाण्यात जायचे. पण तुम्ही घेतलेली वस्तू खराब कशी निघंल? म्हणजे चूक ह्यांचीच म्हणायची का?"

रामलिंगनं घड्याळ हातात घेतलं. सवयीनं उलटं केलं. झाकणावर त्याचं आणि तुळजाबाईचं नाव, स्वच्छ, ठसठशीत. झाकणाच्या कडेला एका जागी पांढुरकी रेघ उमटली होती, जिथून पाणी आत गेलं होतं. गप्प बसणं अजूनही सोपं होतं. हैदराबादला नेतो म्हणायचं आणि घरी नेऊन पेटीत टाकायचं. मग उरलेलं आयुष्य त्या मेलेल्या पोराला बेफिकीर म्हणत सगळे जगले असते, त्याच्या बायकोसकट.

"त्यानं बघितलं, बाई," तो म्हणाला. "सारखं बघितलं असंल. म्हणूनच दोरीला ठीक म्हणला. घड्याळ उतरल्या उतरल्या बंद पडलं होतं. वेळ हाय अजून, असंच दिसलं आसंल त्याला." मग त्यानं झाकण तिच्याकडं केलं. "नाव घालायला मी हे उघडलं. उघडू नका म्हणले होते. तू वाफेचं सांगितलंस तव्हा मला कळलं होतं."

खांबाला टेकलेला सटवाजी हळूहळू सरळ बसला. तो रडायला लागला, तेही पोराचं नाव घेऊन, माफी मागितल्यासारखं. पोराला त्यानं चार लोकांत बेफिकीर म्हटलं होतं.

सुकन्यानं बापाच्या हातातून घड्याळ परत घेतलं. ती नाव वाचत राहिली, लहानपणी ताटावरची अक्षरं वाचायची तशी, एकेक करून.

"मी फोन केला होता की, अप्पा," ती म्हणाली.

एवढं बोलून ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. रामलिंग ओसरीवर बसून राहिला. समोर त्याच्यासाठी आणून ठेवलेला पाण्याचा तांब्या होता, लग्नात त्यानंच दिलेला, आणि त्याला तहान लागली होती. त्यानं तांब्याला हात लावला नाही. ऊन उतरल्यावर तो उठला आणि एकटाच लातूरची एसटी धरायला चालू लागला. त्याला कुणी थांब म्हटलं नाही.