चौथ्या गाण्यात मेलेला बाप

सन दोन हजार तेवीस, पौष महिना. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या महिन्यात माझ्या एकुलत्या एका मुलीने मला एका गाण्यात मारून टाकलं.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही पूर्ण नाही. पण माझं मरण दुसऱ्याने कशाला लिहावं, म्हणून मीच लिहितो. आमचं गाव गडचिरोलीतल्या आरमोरीजवळ, धानाचं. मुलगी बंगलोरला राहते. दिवसा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी सोबत्यांबरोबर गिटार वाजवते, गाते. त्या गाण्याला मेटल म्हणतात. तिची आई होती तोवर ती दिवाळीला यायची. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि येणं थांबलं. भांडण नाही, काही नाही. दर रविवारी फोन यायचा. जेवले का, जेवलो, गोळी घेतली का, घेतली. एवढं झालं की दोघांचंही बोलणं सरायचं. ये म्हणावं असं दर वेळी ओठांवर यायचं. पण ते मला जमत नाही. माझ्या बापानेही मला कधी ये म्हटलं नाही, आणि मी कोणाला गळ घालणारा माणूस नाही.

एका रविवारी तिने फोनवर गाणी पाठवली. म्हणाली, "बाबा, आमची रेकॉर्ड निघाली. पूर्ण ऐका, मधात सोडू नका."

दुपारी सपरीत, म्हणजे ओसरीत, खाटेवर बसून ऐकली. आधी वाटलं फोन बिघडला. टाळी द्यावी म्हणून हात उचलावा तर तो हवेतच राहतो, ढोल भलतीकडेच निघून गेलेला असतो. मधेच कोणीतरी असं गुरगुरलं की खाटेखालची कोंबडी उठून अंगणात गेली. ती गुरगुरणारी आमचीच पोरगी, हे नंतर कळलं. मग तीच एकदम हळू, तिच्या आईसारख्या आवाजात गायला लागली. शब्द सारे इंग्रजी. तरी मी शेवटपर्यंत ऐकलं.

संध्याकाळ व्हायच्या आधीच तिचा फोन आला. "कसं वाटलं?"

"गोष्ट आहे का त्यात? तोच तो सूर घडीघडी परत येते."

ती खूश झाली. सांगायला लागली. पुढच्या काळातली गोष्ट आहे. सूर्य विझत चालला आहे. माणसं एका मोठ्या यानात बसून दुसऱ्या ताऱ्याकडे निघतात. यानात एक पोरगी आहे. तिचा बाप जमीन सोडायला तयार नाही, तो खालीच राहतो. ती त्याला निरोप पाठवते. यान जितकं दूर जातं तितका निरोप उशिरा पोचतो, आणि उत्तर त्याहून उशिरा.

"म्हंजे नाटकच झालं," मी म्हटलं. "पात्रं आहेत, प्रवेश आहेत, पडदा तेवढा नाई."

"हो बाबा, नाटकच." किती दिवसांनी ती अशी हसली.

"मंग त्या बापाचं काय होते?"

"चौथ्या गाण्यात त्याचं उत्तर येणं बंद होते. गेला तो."

"उत्तर नाई आलं म्हनून मेला काय? वावरात गेला असन. नेटवर्क नसन."

"बाबा, ते पात्र आहे. तुम्ही नाई."

"जमीन सोडत नाई, घरात एकटा राहते. दुसरा कोन आहे मंग? माझी उमर गेली नाटकात. पात्र कोनावरून उचललं ते समजते मले."



इथे आमच्या गावची रीत सांगावी लागते. आता मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, वडशाच्या नाटक कंपन्या येतात. आमच्या काळी गावचीच माणसं नाटक करत. माझा आवाज भारी, म्हणून बापाचं नाहीतर पाटलाचं काम माझ्याकडे, आणि ती दोघंही बहुतेक शेवटच्या अंकात मरत. मला मारायचा तो आमचा शेजारी. खलनायकाचं काम कायम त्याचंच. रीत अशी, की नाटकात जो मेला त्याने सकाळी घराबाहेर पाय टाकायचा नाही. ज्याने मारलं त्याने समोरच्या दारात येऊन हाक मारायची, "उठा भाऊ, नाटक संपलं." मग मेलेल्याने दार उघडायचं आणि दोघांनी मिळून चहा प्यायचा. नाहीतर स्टेजवरचं मरण घरात शिरतं, असं जुने लोक म्हणत. माझी बायको याबाबतीत कडक. हाक आल्याशिवाय मला चहा देत नसे. शेजारी मुद्दाम उशिरा यायचा. पोरगी लहान होती तेव्हा उंबरठ्यावर बसून त्याची वाट पाहायची.

म्हणून मी फोनवर म्हटलं, "रीत ठाऊक आहे न तुले?"

"ठाऊक आहे." मग म्हणाली, "उठा बाबा, नाटक संपलं."

"फोनवर नाई चालत. दारात यावं लागते."

"मी यावं असं म्हनून राह्यले का तुम्ही?"

"मी रीत सांगून राह्यलो."

"एकडाव तसं सरळ म्हना न, बाबा."

"ज्यानं मारलं त्यानं यावं," एवढंच म्हटलं.

"सुट्टी नाई. महिनाभर कार्यक्रम आहेत." मग हळू आवाजात म्हणाली, "शेवटचं गाणं ऐकलं न? त्यातई ती त्यालेच निरोप देते."

"मेलेल्याले?"

"तिले पटत नाई तो मेला म्हनून. ती बोलतच राहते."

मी फोन ठेवला आणि समोरच्या दाराला आतून कडी घातली.

दिवेलागणीला तोच शेजारी तंबाखू-सुपारीचा खर्रा मागायला आला. दार वाजवलं. "काय गा, येवढ्या लवकर दार लावून बसला?"

"मेलो मी." दार न उघडताच त्याला सारं सांगितलं.

"हात्तिच्या. मीच मारतो हाक. सवय आहे मले."

"या बारीले तूनं मारलं का?"

"नाई."

"मंग चूप राय."

तो पायरीवर बसला असावा, कारण आवाज खालून आला. "पोट्टीले बोलवाचं आहे तर बोलव न. रीतीच्या आड काऊन लपतं?"

मी आतून कडी चाचपून पाहिली.

"तुही बायको असती तर तिनंच बोलावलं असतं," असं म्हणून तो गेला.

ते खरं होतं. बोलावणं हे तिचं काम होतं. माझं काम फक्त रस्त्याकडे पाहायचं, तेही कोणाला दिसू न देता.

तो गेल्यावर मी शेवटचं गाणं पुन्हा लावलं. शब्द तेव्हाही कळले नाहीत, पण ती कोणाशी बोलते आहे ते आता माहीत होतं. प्रत्येक ओळ झाली की ती थोडी जागा सोडते, फोनवर आपण समोरच्याला बोलायला सोडतो तशी. त्या जागेत ढोलही वाजत नाही. मी तिथे दोन-तीनदा "ये" म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून म्हणता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात येईपर्यंत खाटेवर पडून राहिलो. हाक येणार नाही हे ठाऊक होतं, तरी कान तिकडेच होते. पण लाखोळीच्या पिकात रानडुकरं शिरत होती आणि डुकरं कोणाची रीत पाळत नाहीत. उठलो, कोरडाच निघालो, चहा मांडला नाही. समोरची कडी तशीच राहू दिली आणि घरामागच्या सांदवाडीतून वावरात गेलो.

शेजारी बाजूच्याच वावरात, त्याच्या बांधीत होता. मला पाहून विचारलं, "आली का पोट्टी?"

"नाई."

"मंग तू उठला कसा?"

"उठलो नाई अजून," मी म्हटलं. "लाखोळी पाहाले आलो." आणि डुकरांनी जिथे वाट केली होती तिथे बोरीच्या काट्या लावायला बसलो.