मी वाचवलेली शाळा बघायला गेलो तेव्हा

पुण्यात बसून गावाकडची शाळा वाचवणं फार सोपं असतं. मी स्वतः करून बघितलं आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली, की अमरावतीकडच्या चांदूर रेल्वे शहराजवळच्या आमच्या गावातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा पाडणार. ग्रुपमध्ये मी लेखक समजला जातो, कारण दिवाळीच्या शुभेच्छा मी फॉरवर्ड न करता स्वतः लिहितो. साहजिकच विरोधाचा अर्ज मीच लिहिला. चाळीस जणांनी सह्यांचे फोटो पाठवले आणि महिन्याभरात पाडकाम थांबल्याचं कळलं. पुढचे काही दिवस मी घरातसुद्धा जरा मान ताठ ठेवून चालत होतो.

या जानेवारीत ठरवलं, आपण वाचवलेली शाळा एकदा डोळ्यांनी बघून यावी. बायको म्हणाली, "बॅगेत जागा ठेव. शाल-श्रीफळ दिलं तर परत कशात आणशील?" ती चेष्टा करत होती. मी खरंच जागा ठेवली.

पुण्याहून रात्रीची गाडी पकडली तर सकाळी बडनेऱ्याला उतरता येतं. चांदूरला थेट रेल्वेनेही जाता येईल, पण मला अमरावतीचा गिलावडा खायचा होता, म्हणून वाट वाकडी करून राजापेठेत गेलो. माझ्या आठवणीतल्या राजापेठेत सायकली होत्या. आता रस्ता ओलांडायला मी इतका वेळ उभा राहिलो की एका शिकवणीवाल्याने मला पालक समजून माहितीपत्रक दिलं. वडा मात्र तोच होता. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. ते गावच्या ओढीने आलं असं मी समजून चाललो होतो, पण शेजारच्या माणसाच्याही डोळ्यांत आलेलं बघून मिरचीचा संशय आला.

तिथून एसटी स्टँडवर या. चांदूरची बस तासाभरात पोहोचवते. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर घ्या आणि खिडकी पकडा. दोन्ही बाजूंना वाळत आलेली तूर आणि शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दिसते. शेजारी बसलेल्या काकूंना मी न विचारताच शाळेची सगळी हकिगत सांगितली.

"मंग तुमचे पोट्टे कोन्या शाळेत शिकले?" त्यांनी विचारलं.

"पुण्यात. इंग्रजी माध्यमात."

"हाव का," म्हणून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. चांदूर येईपर्यंत मग मीही तूरच बघितली.

स्टँडवर गजा मोटरसायकल घेऊन आला होता. गजा म्हणजे चौथीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेला, पुढे गावातच शेती करत राहिलेला मित्र. घरी त्याच्या सुनेने तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी आणि भाकरी वाढली. या भाजीसाठी एवढा प्रवास करावा, असं मी बिनदिक्कत सांगेन. मग आम्ही शाळेकडे निघालो.

मी आधीच भावुक व्हायची तयारी ठेवली होती. कवेलूंचं छप्पर मधोमध बसलं होतं, एक भिंत फुगून बाहेर आली होती आणि दाराला बोरीच्या काट्या लावल्या होत्या. मी तरी माझी खिडकी शोधली, चौदा फोटो काढले, अंगणातली माती कपाळाला लावली. गजा गाडीवर बसून बघत होता.

"कावून बे, झालं का तुहं?" तो म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की वार शुक्रवार, वेळ दुपारची, आणि पोरांचा आवाज नाही.

"पोरं कुठंयत?"

"देवळात. अथी बसवाले बंदी हाय. छत पडन ना अंगावर."

मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात अकरा मुलं बसली होती, चारही वर्गांची एकत्र. गजाची नात सई तिसरीत, ती घंटेखालीच बसली होती. कोणी दर्शनाला आलं की घंटा वाजायची, पाढा थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मुख्याध्यापिका वानखडे मॅडम म्हणाल्या, की सप्ताह असला की देऊळही मिळत नाही, मग शाळा निंबाखाली भरते.

गजाने माझं नाव सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पत्र्याच्या पेटीतून एक फाइल काढली. दोन नव्या खोल्या मंजूर होत्या. जागा तीच, त्यामुळे जुनी इमारत पाडल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं. पाडायचा आदेशही आला होता. त्याच्यावर माझा अर्ज लावलेला होता. हरकत आली म्हणून पाडकाम थांबलं, पाडकाम थांबलं म्हणून बांधकाम थांबलं, आणि देवळात पोरं बसवायला नकोत म्हणून अर्ध्याहून जास्त आईबापांनी त्यांना चांदूरच्या कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाडीत बसवलं.

"अजून चारपाच गेले तर शाळा बाजूच्या गावात विलीन करतीन सर," मॅडम म्हणाल्या. "मधात नाला हाय. पावसाळ्यात हे लेकरं जातीन कसे?"

त्यांनी माझ्या अर्जातलं एक वाक्य वाचून दाखवलं: 'या भिंती आजही पाढे म्हणतात.' सई हसली. म्हणाली, "भिंत पाढे म्हनत नाई. भिंत पडते."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लाज वाटली, अगदी सरळ, कान गरम होईपर्यंत. गजाला म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"मले कुठं माहीत होतं थो अर्ज तुहा हाय म्हून? तुमच्या ग्रुपात गावात रायनारा एकही नाई बे."

मी तिथेच मांडी घालून हरकत मागे घेण्याचा अर्ज लिहायला बसलो. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. मॅडमनी तो मुलांची वही तपासावी तसा लाल पेनाने तपासला. "सर, 'काळाच्या ओघात' नाई पायजे. 'हरकत नाही' एवढं लिहा." तिसऱ्या खेपेला अर्ज चार ओळींचा झाला आणि पास झाला.

संध्याकाळच्या आत गजाने मला चांदूरच्या पंचायत समितीत नेलं. तिथल्या बाबूंनी अर्ज वाचून चहा सांगितला, म्हणजे नकार येणार हे मी ओळखलं. पहिल्या अर्जावर चाळीस सह्या होत्या, त्यामुळे मागे घ्यायलाही चाळीसच लागणार होत्या.

परतीच्या गाडीत बॅग हलकी होती. पुण्याला येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं. एकाने 'गद्दार' लिहिलं, सहा जणांनी रडके चेहरे टाकले, आणि ॲडमिनने मला काढून टाकलं. मग मी एकेकाला फोन लावत बसलो. प्रत्येकजण आधी शाळेच्या आठवणी सांगायचा, आणि मला त्या ऐकाव्या लागायच्या, कारण सही त्यानंतरच मिळायची. चाळिसावी सही एप्रिलमध्ये मिळाली.

मेमध्ये गजाने व्हिडिओ पाठवला. जेसीबीने दोन धक्के दिले आणि माझी खिडकी गेली. वाईट वाटलं, आणि बरंही. मी लगेच फोन केला.

"आता पाया खोदून राहिले," गजा म्हणाला. "दिवाळीपर्यंत होईन म्हन्ते."

"म्हणजे सई चौथी नव्या खोलीत शिकेल."

"सईले टाकलं बे कॉन्व्हेंटात. जूनपासून जाईन. तिची माय कुठलोक थांबन? अख्खी तिसरी देवळात गेली पोरीची."

"आणि बाकीची?"

"सात हायेत."

सातवर शाळा राहील की नाही, हे मी त्याला विचारलं नाही. त्यालाही ते माहीत नसणार.